तळटीप : ‘झाले’ आणि ‘झाले आहे’
मराठीत ‘उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आहे’ हे वाक्य खपून जाते. इंग्रजीत मात्र सालासारखा संपलेला काळ सांगितला, की पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे मागील क्रियेचा परिणाम आजशी जोडणारे ‘हॅज बीन कम्प्लीटेड’ हे रूप, चालत नाही आणि ‘वॉज कम्प्लीटेड’ हा साधा भूतकाळच घ्यावा लागतो. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर उजनीच्या जलाशयात गेल्याचे साल न देता सांगायचे असल्यास पूर्ण वर्तमानकाळ योग्य ठरतो (एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी ओसरून मंदिर उघडे पडते, तेव्हा व्याकरणकाराचीही पंचाईत व्हावी). बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ‘आर्या रचल्या आहेत’ असे मराठी सहज म्हणते. दिवंगत कवीच्या बाबतीत इंग्रजीत साधारणपणे ‘कम्पोज्ड’ हेच रूप योजावे.