जनगणना, पूर्वज आणि शेजार : सडक अर्जुनी परिसराच्या कुटुंबेतिहासाचे एक साधन

प्रस्तावना

कुटुंबाचा इतिहास म्हणजे राजघराण्यांचा, जहागीरदारांचा किंवा फार तर मालगुजारांचा इतिहास, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. ज्यांच्या नावे सनद नाही आणि ज्यांची वंशावळ भाटाच्या वहीत नाही, अशा कास्तकार, शेतमजूर, ढिवर, गोंड, महार कुटुंबांचा इतिहास बहुधा आजोबांच्या आठवणीपाशी थांबतो. परंतु पूर्वजांचा शोध हा आज केवळ जिज्ञासेचा विषय राहिलेला नाही. जातीच्या दाखल्याची पडताळणी करणारा राज्याचा कायदा २००१ मध्ये अमलात आला. तेव्हापासून अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचा पुरावा शोधणे असंख्य कुटुंबांना भाग पडले. महाविद्यालयात प्रवेश घेणारा ग्रामीण विद्यार्थी अनेकदा या शोधातूनच आपल्या पणजोबांचे नाव प्रथम वाचतो. या शोधात जनगणनेचा उपयोग कसा व कोठवर होतो, याचा विचार सडक अर्जुनी परिसराच्या संदर्भात येथे केला आहे.

जनगणनेत पूर्वजांचे नाव का सापडत नाही?

इंग्लंडमध्ये जनगणनेची कुटुंबपत्रके शंभर वर्षांनी खुली होतात. १९२१ ची पत्रके जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ही मुदत बहात्तर वर्षांची असल्याने १९५० ची पत्रके एप्रिल २०२२ मध्ये उपलब्ध झाली. तेथील संशोधक पणजोबांचे नाव, वय, व्यवसाय आणि शेजारच्या घरातील माणसांची नावेही वाचू शकतो.

भारतात तशी सोय नाही. १९४८ च्या जनगणना अधिनियमातील कलम १५ अन्वये गणनेच्या नोंदवह्या पाहण्याचा हक्क कोणासही नाही आणि त्यांतील नोंद दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही ग्राह्य नाही. शिवाय संकलन पूर्ण झाल्यावर मूळ पत्रके नष्ट करण्याची पद्धत होती. १९५१ साली गणनेच्या नोंदींवरून गावनिहाय राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार करण्यात आली, हा एक अपवाद. आसामात पुढे तिला मोठे महत्त्व आले.

म्हणजे आपल्याकडील जनगणना पूर्वजांचे नाव सांगत नाही. ती त्यांचा शेजार सांगते. गावात घरे किती, माणसे किती, साक्षर किती, शेती कसणारे किती आणि मजुरी करणारे किती, हे तिच्यातून कळते. नाव इतर दप्तरांत शोधावे आणि त्या नावाभोवतीचे गाव जनगणनेतून उभे करावे, अशी ही जोडपद्धती आहे.

गाव ओळखण्याचा प्रश्न

मध्य प्रांतात पहिली स्वतंत्र गणना १८६६ मध्ये झाली. १७ फेब्रुवारी १८८१ च्या अखिल भारतीय गणनेपासून दर दहा वर्षांची मालिका सुरू झाली. या काळात सडक अर्जुनीचा परिसर भंडारा जिल्ह्याच्या साकोली तहसिलीत होता. हा मुलूख प्रथम मध्य प्रांतात, १९०३ पासून मध्य प्रांत व वऱ्हाडात, १९५० मध्ये मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. घर जागचे हलले नाही, पण त्याचा पत्ता अनेकदा बदलला. म्हणून १९९१ पर्यंतची माहिती भंडारा जिल्ह्याच्या आणि १९५१ पूर्वीची मध्य प्रांताच्या अहवालांत पाहावी लागते. गावनिहाय आकडे देणाऱ्या जिल्हा जनगणना पुस्तिका १९५१ पासून मिळतात; त्यापूर्वीच्या प्रांतिक अहवालांत प्रामुख्याने जिल्हा व तहसील पातळीवरचीच कोष्टके आहेत.

नामसाधर्म्याचीही अडचण आहे. जुन्या साकोली तहसिलीत दोन अर्जुनी होत्या : एक नागपूर-रायपूर सडकेवरची, दुसरी मोरगावच्या जोडीने ओळखली जाणारी. कागदावर नुसते ‘मौजा अर्जुनी’ असेल तर पटवारी हलका व लगतच्या गावांची नावे पाहिल्याशिवाय निर्णय करता येत नाही. तसेच जनगणना महसुली गाव मोजते. टोला किंवा टोली मूळ गावातच धरली जाते आणि वस्ती उठून गेलेली रिठी यादीत निर्जन गाव म्हणून उरते. आजोबा ‘टोल्यावरचे’ असतील, तर त्यांचा शोध मूळ गावाच्या नावाखाली घ्यावा लागतो.

आकड्यांतील खंड, घराण्यातील खंड

१९०१ साली भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ होती. आधीच्या दशकाच्या तुलनेत ही सुमारे ११ टक्के घट होय. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांची ती खूण आहे. १९२१ च्या आकड्यांवर १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची छाया आहे. वंशावळीत याच सुमारास एखादी शाखा अचानक तुटते किंवा लहान मुले मामाच्या गावी वाढलेली दिसतात, तेव्हा त्यामागे कौटुंबिक कलहच असेल असे मानण्याचे कारण नाही. जिल्ह्याचे आकडे येथे घराण्याच्या मौनाला संदर्भ पुरवतात. अर्थात जिल्ह्याची घट म्हणजे त्या विशिष्ट घरातील मृत्यूचा पुरावा नव्हे. तो मृत्युनोंदीतूनच मिळवावा लागतो.

रकाना बदलतो, माणसे तीच राहतात

जनगणनेचे रकाने शासन ठरवते, हे भान या अभ्यासात सर्वांत महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या १९५१ मध्ये अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतरचा हा बदल आहे. ज्या घराच्या जुन्या दाखल्यावर ‘महार’ लिहिले आहे, त्याच घराच्या नंतरच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ आढळते. केवळ रकाने वाचणाऱ्यास एक समाज ओसरला व दुसरा आला असे वाटेल. वस्तुतः लोकांनी आपली ओळख स्वतः निवडली होती.

दुसरे उदाहरण गोंडांचे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यापूर्वी विदर्भात अनुसूचित जमातींची यादी मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी व यवतमाळ या तहसिलींपुरती मर्यादित होती. भंडारा जिल्हा तिच्या बाहेर होता. क्षेत्रबंधन उठल्यानंतर राज्यातील अनुसूचित जमातींची संख्या १९७१ मधील सुमारे २९.५ लाखांवरून १९८१ मध्ये सुमारे ५७.७ लाख झाली. १९६१ किंवा १९७१ च्या पुस्तिकेत साकोली तहसिलीतील एखाद्या गावाचा जमातींचा रकाना रिकामा दिसला, तर तेथे गोंड राहत नव्हते असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. १९३१ नंतर सर्व जातींची तपशीलवार कोष्टके प्रसिद्ध झाली नाहीत, हेही येथे ध्यानात ठेवावयास हवे.

इतर दप्तरांशी सांगड

पूर्वजांची नावे मिळण्याची मुख्य ठिकाणे म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, मालगुजारी बंदोबस्ताचे कागद आणि १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी. भूमिहीन कुटुंबाचे नाव जमिनीच्या कागदांत क्वचितच येते, म्हणून त्याच्यासाठी कोतवाल बुक व शाळेचे रजिस्टर अधिक मोलाचे आहे. समजा, एका गावच्या कोतवाल बुकात १९५० च्या सुमारास एकाच नावाचे दोन पिते आढळले. १९५१ च्या पुस्तिकेत त्या गावी चाळीसच घरे असतील, तर ज्येष्ठांच्या मदतीने घरांचा क्रम लावून दोघांना वेगळे करणे शक्य असते. चारशे घरे असतील, तर पत्नीचे नाव, टोला व व्यवसाय असे अधिक पुरावे लागतील. जनगणना येथे शोधाची व्याप्ती ठरवून देते.

समारोप

१६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तिथी ठरली असून तीत जातनिहाय नोंदही अंतर्भूत आहे. त्या पार्श्वभूमीवर इतिहास विभागांनी एक माफक उपक्रम हाती घेण्यासारखा आहे. तालुक्यातील प्रत्येक गावाचे १९५१ ते २०११ पर्यंतचे आकडे एका कोष्टकात उतरवावेत, त्यासोबत टोल्यांची, रिठींची व बदललेल्या नावांची यादी ज्येष्ठांकडून नोंदवून घ्यावी. व्यक्तींच्या जातनोंदी मात्र संबंधित कुटुंबाच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नयेत. असे कोष्टक कोणाच्याही दाव्याचा पुरावा होणार नाही. परंतु कोणत्या गावाचे, कोणत्या तहसिलीचे आणि कोणत्या वर्षाचे दप्तर मागावे, एवढे त्यातून निश्चित कळेल. कागदांअभावी ज्याचा अर्ज अडून राहतो, त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे साहाय्य थोडे नाही.