कडी नसलेलं दार

चाळीत राहिलेल्या कुणालाही विचारा, दिवसभर दारं उघडीच असतात. शेजारच्या काकू विरजण मागायला थेट स्वयंपाकघरापर्यंत येतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. रात्री मात्र प्रत्येक घर आतून कडी लावतं. डिस्टोपियाचा विचार करताना मला ही कडी हमखास आठवते.

डिस्टोपिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातली दृश्यं येतात : पडक्या इमारती, धुरकट आभाळ, बंदूकधारी पहारेकरी. पण नुसत्या हालअपेष्टांनी डिस्टोपिया होत नाही. दुष्काळावरची कादंबरी भयंकर असू शकते, तिला आपण डिस्टोपिया म्हणत नाही. मग कशाला म्हणतो? याचं उत्तर शोधायला पाचशे वर्षं मागे जावं लागतं.

१५१६ साली थॉमस मोर या इंग्रज कायदेपंडितानं लॅटिनमध्ये 'युटोपिया' लिहिलं. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'कुठेच नसलेली जागा'. या बेटावर खासगी मालमत्ता नाही, कुणी उपाशी नाही, काम दिवसाला सहा तास. घरांच्या दारांना कुलपं नाहीत, कुणीही कुणाच्याही घरात शिरू शकतो. वाचताना छान वाटतं. जरा पुढे वाचा. दुसऱ्या गावी जायचं तर परवानापत्र लागतं. विनापरवाना दुसऱ्यांदा सापडलात, तर गुलामी. ठरलेल्या सभांबाहेर राज्यकारभारावर खलबतं केलीत, तर मृत्युदंड. दारूचे गुत्ते नाहीत, लपायला कोपरा नाही, प्रत्येकावर सगळ्यांची नजर.

तरीही आपण या पुस्तकाला आदर्श राज्याचं चित्र म्हणतो. का? कारण ते आपल्याला सांगतो राफाएल हिथ्लोडे नावाचा प्रवासी. तो तिथे पाच वर्षं राहिला आणि परत आला. तो पाहुणा होता. सोन्याच्या बेड्या घातलेल्या तिथल्या गुलामाला पुस्तकात कुणी काही विचारत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात आली. तिच्यात स्त्रियांचं राज्य आहे, शेतीपासून प्रवासापर्यंत सगळीकडे विज्ञान आहे आणि पुरुष घरात कोंडलेले आहेत. पडदा पद्धतीला दाखवलेला हा खट्याळ आरसा आहे, मला तो फार आवडतो. पण इथेही सांगणारी स्वप्नात आलेली पाहुणीच आहे. मर्दान्यातला पुरुष काय म्हणतो, ते आपल्या कानावर येत नाही.

'डिस्टोपिया'च्या कुळातला शब्द संसदेत आला तो १८६८ साली. आयर्लंडविषयीच्या सरकारी धोरणावर टीका करताना जॉन स्टुअर्ट मिलनं तो वापरला. त्याचा रोख असा, की अतिचांगलं म्हणून अशक्य ते युटोपिया, मग तुमचं धोरण अतिवाईट म्हणून अशक्य आहे.

या कल्पनेला कादंबरीत ठसठशीत रूप दिलं येव्गेनी झाम्यातिन या रशियन लेखकानं. तो जहाजं बांधणारा इंजिनिअर. झारच्या राज्यात तो बोल्शेविक म्हणून तुरुंगात गेला आणि क्रांतीनंतर बोल्शेविकांनीही त्याला अटक केली. १९२०-२१च्या सुमारास त्यानं 'आम्ही' ही कादंबरी लिहिली. तिच्यातलं शहर काचेचं आहे, माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत. पडदा खाली ओढायचा तर गुलाबी तिकीट दाखवावं लागतं. म्हणजे मोरचंच कुलूप नसलेलं दार, फक्त आता भिंतही पारदर्शक. मोठा बदल वेगळाच आहे. आता सांगणारा पाहुणा नाही. तो आहे तिथला रहिवासी डी-५०३, आणि तो रोजच्या नोंदी लिहितोय. सुरुवातीला तो राज्याची भरभरून स्तुती करतो. लिहितालिहिता शंका येऊ लागतात. शेवटी शस्त्रक्रियेनं त्याची कल्पनाशक्ती काढून टाकली जाते आणि जिच्यावर प्रेम केलं तिचा छळ तो शांतपणे बघत बसतो.

ही कादंबरी आधी १९२४ साली न्यूयॉर्कला इंग्रजीत छापली गेली. तिच्या मायदेशात ती प्रसिद्ध व्हायला १९८८ उजाडलं. झाम्यातिननं १९३१ साली स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली. ती मिळाली. १९३७ साली तो पॅरिसमध्ये वारला.

१९४६ साली जॉर्ज ऑर्वेलनं 'आम्ही'वर लेख लिहिला आणि १९४९ साली त्याची '१९८४' आली. तिच्या नायकाचं, विन्स्टनचं, पहिलं बंड कोणतं? बॉम्ब नाही की मोर्चा नाही. भिंतीवरच्या टेलिस्क्रीनला न दिसणाऱ्या कोपऱ्यात बसून तो डायरी उघडतो.

म्हणून माझं उत्तर असं : एकच समाज पाहुण्यानं सांगितला की युटोपिया वाटू शकतो आणि रहिवाशानं सांगितला की डिस्टोपिया. नियम, शिस्त, स्वच्छता, समानता दोन्हीकडे असू शकतात. फरक असतो कडीचा. दार आतून लावता येतं का? हवं तेव्हा बाहेर पडता येतं का? 'मला हे पटत नाही' असं लिहिलेला कागद लपवायची वेळ येते का?

हा प्रश्न कादंबरीपुरता नाही, हे मार्गारेट अॅटवुडनं १९८५च्या 'द हँडमेड्स टेल'मध्ये दाखवलं. इतिहासात कुठेतरी घडलेलं नाही असं काही तिच्यात घालायचं नाही, हा तिचा नियम होता. कादंबरीभर आपण एका कैदी बाईचा आवाज ऐकतो. मग शेवटी येते २१९५ सालची एक परिषद. तिथे एक प्राध्यापक महाशय विनोद करत, हशा वसूल करत त्या बाईच्या टेप्सवर व्याख्यान देतात. त्या समाजाची घाईनं निंदा करू नका, असं सुचवतात. आणि ती कोण होती यापेक्षा तिचा मालक कोण होता, यातच त्यांना जास्त रस असतो.

मी इतिहास वाचतो तेव्हा हे प्राध्यापक माझ्या शेजारी येऊन बसतात. 'त्या काळी रस्ते किती चांगले होते, गाड्या कशा वेळेवर सुटायच्या, लोक कसे शिस्तीत होते' असं मी सहज म्हणून जातो. मीही पाहुणाच आहे. पुस्तक मिटलं की माझी सुटका होते. तेव्हा स्वतःला एवढंच विचारतो, हे मला सांगितलं कुणी? आणि त्या घराची कडी कुठल्या बाजूला होती?