मौजे वराळे, तालुका मावळ

मावळचा इतिहास लिहिला जातो तो गडांचा. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. परंतु गडांच्या पायथ्याशी आणि नदीच्या काठाशी भात लावून जगणाऱ्या गावांना या इतिहासात क्वचितच जागा मिळते. इंद्रायणीच्या काठावरचे वराळे हे असेच एक गाव. एका अंगाला तळेगाव दाभाडे, नदीपलीकडे आंबी, प्रवाहाच्या दिशेने खाली गेले की इंदोरी आणि त्याच्याही खाली देहू. शाळेच्या पुस्तकात वराळ्याचे नाव येत नाही. मग अशा गावाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कोठून करायची?

आमच्या मते ती गावाच्या पत्त्यापासूनच करावी. सरकारी कागदावर हा पत्ता असा लिहितात : मौजे वराळे, तालुका मावळ, जिल्हा पुणे. या सहा शब्दांपैकी वराळे, मावळ आणि पुणे ही इथल्या मातीची नावे. मौजे, तालुका आणि जिल्हा हे तिन्ही शब्द मुळात अरबी. मौजा म्हणजे ठिकाण, तालुका म्हणजे संबंध असलेला, जोडलेला मुलूख, आणि जिल्हा म्हणजे बाजू. मूळ अर्थाने तर बरगडी. गावातला शेतकरी, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो, आपला पत्ता सांगताना एक शब्द अरबीचा आणि एक मराठीचा असा उच्चारत असतो आणि त्यात काही विशेष आहे असे त्याला वाटत नाही. त्याला विशेष वाटत नाही, हीच खरी विशेष गोष्ट आहे.

अर्थात या खोऱ्याचा इतिहास अरबी-फारसी शब्दांपासून सुरू होत नाही. लोणावळ्याजवळ सह्याद्रीत उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेकडे वाहत तुळापूरला भीमेस मिळते. तिच्या खोऱ्यातून घाटावरचा माल बोरघाटाने कोकणात आणि तेथून समुद्रापार जाई. या वाटेवरच कार्ल्याची लेणी आहेत. तेथील सातवाहनकालीन लेखात 'मामाल' असा प्रदेशाचा उल्लेख येतो आणि तो म्हणजेच आजचा मावळ, असे अभ्यासक मानतात. म्हणजे मावळ हे नाव सुमारे दोन हजार वर्षांचे झाले. त्याच लेण्यांत खांबांच्या दानकर्त्यांमध्ये धेनुकाकटाचे यवन आहेत. दुरून आलेल्या माणसाने इथल्या दगडावर आपले नाव कोरावे आणि इथला होऊन जावे, ही या खोऱ्याची रीत इस्लामच्या उदयापूर्वीची आहे.

पुढे बहमनी राज्य आले. ते फुटल्यावर 1490 च्या सुमारास मलिक अहमदने निजामशाही उभी केली. त्याचे पहिले ठाणे जुन्नर, म्हणजे पुणे जिल्ह्यातलेच. 1636 नंतर हा मुलूख आदिलशाहीकडे गेला. या काळात वसुलीची, हिशेबाची आणि न्यायनिवाड्याची भाषा फारसी वळणाची झाली. ही भाषा काही प्रेमाने आली नव्हती. ती सारा वसूल करण्यासाठी आली होती, हे आपण स्वच्छपणे सांगितले पाहिजे. सुलतान मुसलमान होते म्हणून त्यांचा सारा हलका होता असे मानण्याचे कारण नाही, आणि जड होता म्हणून त्याचे ओझे आजच्या मुसलमानाने वाहावे असेही नाही. सारा भरणाऱ्यांत आपलेही पूर्वज होते.

परंतु याच काळात मलिक अंबरही होऊन गेला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा वजीर झाला. त्याने जमिनीची प्रत पाहून साऱ्याची व्यवस्था लावली आणि गावाला, पाटलाला त्यात जबाबदार धरले. 1626 मध्ये तो वारला. पुढे पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी तीच पद्धत चालू ठेवली, असे जुन्या इतिहासकारांनी नमूद केले आहे. राज्य बदलले, शिक्का बदलला. शेताचा हिशेब मात्र एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्याला स्वतःची भाषा असावी ही त्यामागची दृष्टी होती आणि तिचा मान राखला पाहिजे. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला. पण तो बदल दरबाराच्या पायऱ्या उतरून बांधापर्यंत फारसा आला नाही. बांधावर खरीप आणि रब्बी राहिले, जिरायत आणि बागायत राहिले. हंगाम, महसूल, हक्क, वारस, इनाम हे सारे राहिले. आपण ज्याला जकात म्हणतो आणि पवित्र कर्तव्य मानतो, तोच शब्द मराठी माणसाने नाक्यावरच्या कराला दिला. अलीकडे शासनाने 'तलाठी' हे नाव बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' असे केले. नव्या नावात पुन्हा अरबी 'महसूल' आहेच. कोणी मुद्दाम आणला नाही. दुसरा शब्द सुचला नाही, कारण हा शब्द परका वाटतच नाही.

शब्दांपाठोपाठ माणसांकडे वळू. दख्खनच्या गावगाड्यातील बलुत्यांच्या जुन्या याद्या पाहिल्या तर सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव यांच्याबरोबर मुलाणाही दिसतो. गावच्या जत्रेत बकरे कापण्याचा मान त्याचा, आणि सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. तो राज्यकर्त्याचा प्रतिनिधी म्हणून गावात नव्हता. गावाच्या कामाचा वाटेकरी म्हणून होता. मुलाणी, तांबोळी, आतार, शिकलगार, पिंजारी, काझी ही आडनावे आज महाराष्ट्रभर आहेत. त्यांपैकी बहुतेक कामाची नावे आहेत. आमच्या पूर्वजांचा इतिहास तख्ताशेजारी शोधणाऱ्यांना, मग ते आपल्यातले असोत वा बाहेरचे, ही आडनावे पुरेसे उत्तर देतात.

वराळ्याच्या खाली नदीकाठी देहू आहे. तुकोबांच्या चरित्राशी अनगडशहा नावाच्या फकिराचे नाव जोडलेले आहे. वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या अंगाचा दाह फकिराच्या शापाने झाला आणि तो तुकोबांमुळे शमला, ही कथा महिपतीबोवांनी सांगितली आहे. फकिराचा कटोरा कोठेच भरेना आणि तुकोबांच्या लेकीने घातलेल्या चिमूटभर पिठाने तो भरला, असेही परंपरा सांगते. महिपती अठराव्या शतकातले, म्हणजे तुकोबांच्या नंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिणारे. तेव्हा या कथांना आपण कथाच म्हणू. पण दोन गोष्टी कथा नाहीत. पहिली अशी की, तुकोबांच्या गाथेत 'दरवेश' आणि 'मलंग' या मथळ्यांची हिंदुस्तानी पदे आहेत. ज्या कवीने फकिराची बोली कानांनी ऐकली नाही, तो ती पदात आणू शकणार नाही. दरवेश या नदीकाठाने हिंडत होते आणि तुकोबा त्यांचे बोल ऐकत होते, एवढे त्यावरून खात्रीने म्हणता येते.

दुसरी गोष्ट आजही डोळ्यांनी पाहता येते. नारायण महाराजांनी 1685 मध्ये सुरू केलेला पालखी सोहळा ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून प्रस्थान ठेवतो. पहिला मुक्काम इनामदार वाड्यात होतो. दुसऱ्या दिवशी पालखी आकुर्डीकडे निघते, तेव्हा वाटेत अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. तेथे अभंग आणि आरती होते आणि मग वारी पुढे जाते. कोणत्याही सरकारी सलोखा समितीने हा थांबा ठरवलेला नाही. वारकऱ्यांनी स्वतः तो पाळला आहे.

हे केवळ इंद्रायणीकाठी घडले असेही नाही. आसामात गुवाहाटीजवळ ब्रह्मपुत्रेच्या काठी हाजो नावाचे लहानसे गाव आहे. तेथे 1583 मधले हयग्रीव माधवाचे देऊळ आहे, आणि जवळच्या टेकडीवर गियासुद्दीन औलियांचा दर्गा आहे. या दर्ग्याला लोक 'पोवा मक्का' म्हणतात. तेथील मशीद शाहजहानच्या काळातली. सतराव्या शतकातच अजान फकिरांनी आसामी भाषेत 'जिकिर' रचले. त्याच शतकात, 1645 मध्ये, आपल्याकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' पुरा केला. एक पूर्वेच्या टोकाला, एक पश्चिमेला. एकमेकांची नावेही त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही दोघांनी आपल्या गावाची भाषा आपल्या साधनेसाठी निवडली. आसामी मुसलमान जिकिराला आपला ठेवा मानतो. आपण मराठी मुसलमान शेख महंमदांना तेवढे आपले मानतो काय? आपल्यापैकी कितीजणांच्या घरी 'योगसंग्राम' आहे?

वराळ्याच्या परिसराने नंतरचा इतिहासही पाहिला. जानेवारी 1779 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची फौज पुण्याच्या रोखाने तळेगावपर्यंत आली, तेव्हा शत्रूला दाणागोटा मिळू नये म्हणून मराठ्यांनी तळेगाव जाळले होते. फौज मागे फिरली आणि वडगावला तिला तह करावा लागला. विजयाचे स्मारक वडगावी आहे. पुढे 1858 मध्ये पुणे ते खंडाळा आगगाडी आली. लोणावळ्याकडे वळवणचे धरण होऊन इंद्रायणीच्या उगमाकडचे पाणी पश्चिमेला खोपोलीत उतरू लागले आणि 1915 पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. वडगावच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिलेल्या वाणाला 'इंद्रायणी' हेच नाव मिळाले. आज हा तांदूळ महाराष्ट्रातल्या घराघरात शिजतो.

आता मात्र भातखाचरेच कमी होत चालली आहेत. वराळे-आंबी परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आली. नवलाख उंबऱ्याकडे औद्योगिक वसाहत झाली. तेथे जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला, 2020 च्या अखेरीस बंद पडला आणि 2023 मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. कारखाना सुरू झाला की चाळी भरतात, बंद पडला की रिकाम्या होतात. जमिनीचा भाव मात्र उतरत नाही. शेतजमीन विकताना कागदावर जो शब्द पडतो तो 'बिगरशेती'. हा 'बिगर'ही फारसी वाटेनेच मराठीत आलेला. ज्या भाषेने गावाच्या शेताची नोंद केली, तिच्याच एका शब्दाने शेत संपल्याचीही नोंद होते.

जमिनीबरोबर जुने कागदही जातात, ही आमची खरी चिंता आहे. मावळात आणि मावळाबाहेर कितीतरी मुलाणी, काझी, मुजावर घराण्यांच्या पेटाऱ्यांत इनामाच्या सनदा, वतनाचे निवाडे, दर्ग्याच्या दिवाबत्तीची खर्डे पडलेली असतात. ती बहुधा मोडी लिपीत असतात. घरातला कोणी ती वाचू शकत नाही. वाडा पाडताना ती वाळवी लागलेली रद्दी म्हणून बाहेर पडतात. आणि मग एखादा तावातावाने विचारतो, 'तुम्ही इथले कधीपासून?' तेव्हा आपण गहिवरून बोलतो. पण हाताशी कागद नसतो.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. आपल्या गावाचा पत्ता एकदा सावकाश वाचा. घरातल्या वडीलधाऱ्यांना जुन्या कागदांविषयी विचारा. कागद सापडले तर त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. मोडी शिकणे अवघड नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, आणि मोडी वाचणारी तरुण मंडळीही आता बरीच आहेत. आपला इतिहास दुसऱ्याने लिहिला नाही ही तक्रार आपण पुष्कळ वर्षे केली. आता आपापल्या मौजेपुरता तरी तो आपण लिहू या. त्यात शेजाऱ्याचा इतिहासही आपोआप येईल, कारण बांध दोघांचा एकच होता.