बृहदीश्वर मंदिर, तंजावर

तमिळनाडूतील तंजावर येथील प्राचीन शिवमंदिर. चोळ सम्राट पहिला राजराज याने ते बांधले व इ. स. 1010 मध्ये पूर्ण केले. मंदिराचे ग्रॅनाइटचे विमान (गाभाऱ्यावरील शिखर) 60 मीटरहून उंच आहे. देवळाला दिलेल्या जमिनी, दागिने, दिवे, सेवक आणि सुमारे 400 नर्तकी यांची नोंद राजराजाने तमिळ शिलालेखांत कोरवून ठेवली; चोळकालीन समाजजीवन समजून घेण्यासाठी एवढे तपशीलवार साधन क्वचितच सापडते. गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात नायककालीन चित्रांखाली झाकलेली चोळ भित्तिचित्रे 1931 मध्ये उजेडात आली.

चोळांनंतर पांड्य, विजयनगर आणि नायक यांची सत्ता आली. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी (एकोजी) यांनी 1675-76 च्या सुमारास तंजावर घेतले आणि चोळांचे हे मंदिर भोसले घराण्याच्या छत्राखाली आले. सरफोजी दुसरे (कार. 1798–1832) यांनी आवारातील गणेशमंदिराचे नूतनीकरण केले. 1803 मध्ये त्यांनी मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास देवनागरी लिपीत, मराठीत कोरवून घेतला. तो जगातील सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. मराठी भाषेचा इतका विस्तृत शिलालेख महाराष्ट्राबाहेर, तमिळ देवळात असावा, ही मराठी वाचकाने आवर्जून जाणून घ्यावी अशी गोष्ट आहे.

1855 मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले. तरी मंदिराचे वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडेच राहिले. 1987 मध्ये युनेस्कोने मंदिराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.