विकल्यानंतरचा नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर तयार झाला, पण तो घ्यायला कोणी पुढे येईना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. लोखंड लागलं की जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, असं सांगतात.

ती समजूत खोटी असली तरी शेतकरी अडाणी होता असं मुळीच नाही. त्याचं सगळं वर्ष त्या एका नांगरटीवर अवलंबून. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होता, फाळ बोथट झाला तर लोहार होता. बलुत्याच्या व्यवस्थेत दुरुस्तीची हमी गावातच मिळायची. कारखान्यातल्या नांगरामागे कोण उभं राहणार, हा त्याचा खरा प्रश्न होता.

किर्लोस्कर बंधूंना या प्रश्नाची ओळख सायकलींच्या धंद्यापासून होती. 1888 साली बेळगावात त्यांचं सायकलींचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. ते तिथून सायकली धाडत आणि थोरले रामूअण्णा त्या बेळगावात विकत. पण नुसती विकून भागत नसे. ज्याने जन्मात सायकल पाहिली नाही, त्याला ती चालवता कशी येणार? म्हणून गिऱ्हाइकाला सायकल शिकवण्याचं कामही रामूअण्णांनीच अंगावर घेतलं. वस्तू वापरता येईपर्यंत विक्री पुरी होत नाही, हा धडा त्यांना तिथे मिळाला.

पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला परतले. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग नांगर. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा एकदा मुरला की मुळासकट निघता निघत नाही. लाकडी नांगराला त्यासाठी सहा-आठ बैल जुंपावे लागत. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलथून टाकी आणि मुळं उन्हात वाळत. एका शेतात हे घडलं की शेजारच्या बांधावरच्या माणसाला ते डोळ्यांनी दिसे. नांगराची खरी जाहिरात ती.

अर्थात कठीण रानात फाळ झिजायचाच. विलायती नांगराचा सुटा भाग साता समुद्रापलीकडून यायचा, आणि पेरणी काही तोवर थांबत नाही. देशी कारखान्याचं मोल शेतकऱ्याला इथे कळलं.

1910 साली बेळगावची जागा सोडायची पाळी आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. युद्धाच्या धामधुमीतही शेतकऱ्याला माल मिळत राहिला पाहिजे, ही धडपड त्यामागे होती.

मग 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. ते चित्रकार होते, लेखणीही तितकीच चालती. कारखान्याच्या आणि मालाच्या बातम्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणं हा मूळ हेतू. एकदा पैसे मोजून गेलेल्या माणसाशी महिन्यामागून महिने बोलत राहायचं, ही कल्पना त्या काळच्या मराठी व्यापारात फार मोठी होती. आज कंपन्या ज्याला ‘आफ्टर सेल्स सर्व्हिस’ म्हणतात, त्यात यंत्राची दुरुस्ती येते. शंकररावांनी वाचणाऱ्या, विचार करणाऱ्या माणसाचीही दखल घेतली.

बघता बघता नांगर न घेणारेही ‘खबर’ मागवू लागले. 1929 साली नावातला ‘खबर’ गळाला, ‘किर्लोस्कर’ मासिक उरलं. पाठोपाठ 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ निघालं. नांगराच्या गिऱ्हाइकासाठी सुरू झालेल्या त्या पत्रातून मराठी घराघरात विज्ञान, उद्योग आणि स्त्रीस्वातंत्र्याची चर्चा जाऊन पोचली.