खांदेरी

खांदेरी : रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील थळ गावासमोर असलेले खडकाळ बेट व त्यावरील जलदुर्ग. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे २० किमी. किनारा आणि खांदेरी यांच्यामध्ये उंदेरी हे धाकटे बेट आहे. खांदेरीवर दोन टेकड्या असून दक्षिणेकडची अधिक उंच. मुंबई बंदराकडे येणारी-जाणारी गलबते येथून नजरेच्या टप्प्यात राहतात. किल्ला आणि दीपगृह, दोन्ही या बेटावर आले ते याच कारणाने.

शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये येथे तटबंदीचा प्रयत्न केला, पण इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी यांच्या विरोधामुळे तो अर्धवट राहिला. ऑगस्ट १६७९ मध्ये महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी माणसे घेऊन बेटावर उतरले व काम पुन्हा सुरू झाले. इंग्रजांनी बेटावर हक्क सांगून नाकेबंदी केली. त्यांची जड जहाजे वारा पडला की जागीच अडकत. मराठ्यांच्या उथळ तळाच्या होड्या मात्र रात्री वल्ही मारत त्यांच्यामधून निसटून बेटावर सामान पोहोचवीत. १८ ऑक्टोबरला मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याच्या आरमाराने इंग्रजांवर चाल केली आणि त्यांची ‘डोव्हर’ ही गुराब पकडली. ‘रिव्हेंज’ जहाजाने नेट धरला, तेव्हा मराठी आरमार नागोठण्याच्या खाडीत परतले. इंग्रजांनी तो दिवस आपला मानला. बेट मात्र मराठ्यांचेच राहिले. तोफा डागल्या जात असताना तट उभा करणाऱ्या मायनाक भंडारींचे नाव आरमाराच्या इतिहासात फार वर असायला हवे. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी माघार घेतली. त्याच सुमारास सिद्दीने उंदेरीवर ठाण मांडले.

१७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने केलेला हल्ला मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या शिबंदीने परतवला. १८१८ मध्ये बेट इंग्रजांकडे गेले. १८६७ पासून दक्षिण टेकडीवर दीपगृह आहे.

तटाबाहेर ओबडधोबड धोंड्यांची रास असून लाटांचा जोर तिच्यावर ओसरतो. धोंड्यांना चिकटलेली कालवे सुरीसारखी धारदार असतात, उतरणाऱ्याने पाय जपावा. आत चाकांच्या लोखंडी गाड्यावरची तोफ, वेताळाचे मंदिर आणि आघात करताच धातूसारखा नाद देणारी एक शिळा आहे. वेताळ हे कोळी बांधवांचे श्रद्धास्थान.

१९९८ मध्ये बेटाला ‘कान्होजी आंग्रे बेट’ हे नाव देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत खांदेरी आहे.