नवसाचा दुसरा प्रवास : एका उत्तरपटाची मीमांसा

सचिन पिळगांवकर यांच्या ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) या चित्रपटाचा उत्तरभाग २० सप्टेंबर २०२४ रोजी प्रदर्शित झाला. त्यास प्रेक्षकवर्ग चांगला लाभला. तथापि पूर्वार्धाच्या तुलनेने तो निराशाजनक ठरतो, असे आमचे मत आहे. या निराशेचे कारण नटांच्या वयात किंवा विनोदाच्या दर्जात शोधण्याची प्रथा आहे. आमच्या मते ते कोकणच्या दळणवळणाच्या इतिहासात शोधले पाहिजे.

पूर्वार्धाचे कथाबीज अगदी साधे आहे. वडिलांनी बोललेला नवस फेडावयाचा राहिलेला असतो, आणि तो फेडण्यासाठी मुलाला नग्नावस्थेत गणपतीपुळ्यास जावे लागणार असते. या लज्जास्पद ओझ्यासह एक जोडपे एस. टी. च्या गाडीत बसते. ही प्रवासपटाची घडण मूळची मराठी नव्हे. १९६६ च्या ‘मद्रास टु पाँडिचेरी’ या तमिळ चित्रपटावरून १९७२ मध्ये ‘बाँबे टु गोवा’ हा हिंदी चित्रपट निघाला, आणि त्याच परंपरेत पिळगांवकरांचा चित्रपट बसतो. ‘बाँबे टु गोवा’मध्ये महमूद वाहक होता, येथे अशोक सराफ. वाहक हाच या घडणीचा कणा होय. तो गाडी सुटल्यापासून मुक्कामापर्यंत हजर असतो, प्रत्येकाचे तिकीट व प्रत्येकाची कुरबूर त्याच्या हाताखालून जाते, आणि घंटीची दोरी त्याच्या ताब्यात असल्याने हवे तेथे गाडी थांबविता येते. लेखकाच्या दृष्टीने याहून सोयीचा सूत्रधार दुसरा नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तर कोकण रेल्वे १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर खुली झाली. म्हणजे २००४ चा चित्रपट निघाला तेव्हा रेल्वे सहा वर्षे धावत होती, आणि तरीही चित्रपटाने बसच निवडली. ही निवड काळाच्या मागे होती. पण कलादृष्ट्या तीच अचूक होती. उत्तरपटाने काळाची थकबाकी फेडली व कोकण रेल्वेचा डबा घेतला. सराफ आता तिकीट-तपासनीस झाले. इतिहासाशी हे सुसंगतच आहे. चाकरमान्याचे गणपतीला गावी जाणे आता रेल्वेवरही अवलंबून आहे.

परंतु तपासनीस हा वाहक नव्हे. तो येतो, तिकीट पाहतो आणि पुढच्या डब्यात जातो. गाडी वेळापत्रकाने बांधलेली. ती कुणाच्या हट्टासाठी थांबत नाही. शिवाय गणपतीपुळ्यास स्थानकच नाही. रत्नागिरीस उतरून पुन्हा रस्त्यानेच जावे लागते, म्हणजे देवापर्यंतचा शेवटचा टप्पा रेल्वेच्या हाती नाहीच. रेल्वेच्या डब्यातही समाज असतो, हे खरे. गणेशोत्सवातील अनारक्षित डब्याइतका तो कोठेच दाटलेला नसेल. उत्तरपटाचे लक्ष मात्र मुख्यतः पुढच्या पिढीच्या जोडप्याकडे आणि जुन्या युक्तीच्या पुनरुक्तीकडे आहे. वाहन बदलले, पण त्या वाहनास साजेशी कथा रचली गेली नाही.

या दोन्ही प्रवासांत रायगड जिल्ह्याच्या वाट्यास काय येते, हेही पाहण्यासारखे आहे. (१९८१ पूर्वी याचे नाव कुलाबा, ‘बाँबे टु गोवा’च्या काळी तेच चालू होते.) महामार्ग पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर असा कशेडी घाटाकडे जातो, अलिबागचा फाटा वडखळला सुटतो. कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून सुरू होते व माणगाव, वीर या बाजूने दक्षिणेस वळते. रेवस, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन ही किनारपट्टी दोन्ही वाटांच्या पश्चिमेस राहते. बस असो वा रेल्वे, प्रवासपट कोकणात शिरतो तो किनाऱ्याकडे पाठ करून.

या किनाऱ्याचा प्रवास मुळात आगबोटीचा. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली व सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांतील कित्येकजण सणाला गावी निघालेले होते. म्हणजे मुंबईचा नोकरदार, गावची ओढ, सणाची गर्दी ही प्रवासपटाची सारी सामग्री त्या बोटीवर होती. तिच्यावर हसरी कथा रचणे कुणाला सुचले नाही, यात नवल नाही. मात्र आपल्या कौटुंबिक प्रवासपटाचे कोकण इतके कोरडे का, याचा विचार करताना ही बोट विसरता येत नाही. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह उतारू नेणारी रो-रो बोट धावू लागली. तिच्यावर माणसे सुमारे तासभर एकत्र असतात. एवढ्या अवधीत वाहकाची जागा घेणारे पात्र उभे करता येईल काय, हे पटकथाकारांनी तपासून पाहावे.